तोलाच्या जुनाट विकारातून सावरताना

चक्कर येते म्हणून मान हलवायची नाही, न हलवल्याने ती आखडते आणि आखडलेल्या मानेने चालताना अधिकच असुरक्षित वाटते. तोलाचा विकार जडलेली अनेक माणसे या फेऱ्यात महिनोन्‌महिने अडकून पडतात. घाबरलेल्या माणसाला विश्रांती हाच शहाणपणा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पहिले काही दिवस सरल्यावर तीच विश्रांती आजार लांबवते.

शरीराचा तोल डोळे, तळपायांपासून मानेपर्यंतचे स्नायू व सांधे आणि अंतर्कर्ण या तिघांकडून येणाऱ्या माहितीवर टिकतो. प्रत्येक अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे टिपतात, तर दोन लहान पिशव्या सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. एका बाजूच्या मज्जातंतूला सूज येऊन इजा झाली, की दोन्ही कानांचे निरोप एकमेकांशी जुळेनासे होतात. मेंदू ही तफावत हळूहळू भरून काढतो; मात्र त्यासाठी चूक त्याच्या लक्षात यावी लागते आणि डोके हलल्याखेरीज ती येत नाही.

व्यायामाला लागण्यापूर्वी निदान करून घ्यावे, कारण सर्वच चक्कर एका जातीची नसते. कुशीवर वळताना किंवा वर पाहताना मिनिटभराच्या आत थांबणारे गरगरणे बहुधा नलिकेत शिरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे होते आणि तज्ज्ञाने डोके ठरावीक क्रमाने वळवल्यास ते अनेकदा एकदोन बैठकींत जाते. तीन महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवशी डोलल्यासारखे वाटणे, उभे राहिल्यावर, हालचाल करताना आणि गजबजलेल्या दृश्यांत ते वाढणे, या विकाराची व्याख्या 2017 मध्ये निश्चित झाली. त्याच्या तपासण्या सामान्य आल्या म्हणून त्रास खोटा ठरत नाही. चकरेसोबत बोलणे अडखळले, दोन-दोन दिसू लागले, हातापायातील शक्ती गेली, आधाराविना उभे राहता येईना किंवा ऐकू येणे अचानक बंद झाले, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या तीव्र झटक्यात काही दिवसांपुरत्या उपयोगी पडतात. पुढेही त्या घेत राहिल्यास मेंदूचे हे शिकणे मंदावते, म्हणून त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

नजर स्थिर करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावा. तो दिसायला क्षुल्लक आहे. कागदावर एक ठळक अक्षर लिहून तो हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर चिकटवावा, खुर्चीत बसावे आणि नजर अक्षरावरून न हटवता नकार दिल्यासारखी मान डावी-उजवीकडे हलवावी. अक्षर पुसट होऊ लागले, की वेग थोडा कमी करावा. सुरुवातीस अर्धे मिनिट, दिवसातून काही वेळा, एवढेच पुरे. ते जमले की उभे राहून, मग पाय जुळवून आणि शेवटी नक्षीदार पडद्यासमोर हाच व्यायाम करावा. रेघारेघांच्या पार्श्वभूमीवर तेच साधे अक्षर किती अवघड होते, हे पाहून नवल वाटते.

मात्रा ठरवण्याची कसोटी अशी, की व्यायामाने चक्कर थोडी वाढावी, परंतु पंधरा-वीस मिनिटांत पूर्वपदावर यावी. ती तासन्‌तास रेंगाळली, तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी. व्यायाम सोडू नये. मुळीच वाढत नसेल, तर आपण फार जपून चाललो आहोत.

अंधारात डोळ्यांची मदत जाते, म्हणून रात्री पलंगापासून स्नानगृहापर्यंत मंद दिवा असावा. डोके धुताना डोळे मिटण्याआधी एक हात भिंतीला टेकवावा. खोल पाण्यात एकट्याने उतरणे आणि शिडीवर चढणे तूर्त टाळावे. वाहन चालवण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिवसाउजेडी सपाट जमिनीवर मात्र सतत भिंत धरून चालण्याची सवय लावून घेऊ नये, कारण ती सुटता सुटत नाही.

भीतीने शरीर ताठरते आणि ताठर शरीराचा तोल लवकर ढळतो, म्हणून दीर्घ त्रासात मानसोपचाराची जोड घेण्यात कमीपणा नाही. रोज किती चक्कर आली याची वही ठेवल्याने लक्ष तिच्यावरच खिळते. त्याऐवजी आज किती चाललो, बाजारात किती वेळ थांबलो, हे लिहावे.

बरे वाटू लागल्यावरही सर्दीताप, अपुरी झोप किंवा लांबचा प्रवास यांमुळे जुनी लक्षणे काही दिवस परततात. अशा वेळी भिंतीवरच्या त्या अक्षरासमोर पुन्हा खुर्चीत बसून सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेस उभे राहण्याची पायरी बहुधा लवकर येते.