एसएसडी रेडसाठी बायोस मॉड करताय? या चुका टाळा

परवा पुन्हा एक कॅबिनेट माझ्या टेबलावर आलं. झेड६८ चिपसेटचा बोर्ड, पंखे फिरतायत, स्क्रीनवर काळोख. मालक म्हणाला, "काहीच केलं नाही हो, फक्त रेडचं रॉम बदललं." हे 'फक्त' ऐकून माझे कान किटलेत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला, मशीन चालू करणारा प्रोग्राम; त्यात आपल्या हाताने फेरफार करणं म्हणजे मॉड आणि तो चिपवर लिहिणं म्हणजे फ्लॅश. रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह जोडून एकच केलेला; रेड ० मध्ये डेटाचे तुकडे सगळ्या ड्राइव्हवर वाटले जातात. ट्रिम म्हणजे कुठली जागा रिकामी झाली हे विंडोजने एसएसडीला कळवणं. इंटेलने रेड ० मधल्या एसएसडींना ट्रिम पोचवायला २०१२ मध्ये सुरुवात केली, तीही ७ मालिकेच्या चिपसेटवर, आरएसटी या आपल्या रेड सॉफ्टवेअरच्या ११ व्या मालिकेसोबत. त्याच्या आदल्या वर्षीचे पी६७ आणि झेड६८ कोरडेच राहिले. ट्रिम पोचत नसेल तर कुठला डेटा तुम्ही पुसलाय हे ड्राइव्हला कळतच नाही, मग तो कचराही जपून ठेवतो आणि लिहिण्याचा वेग हळूहळू बसतो. म्हणून लोक बायोसमधला १० व्या मालिकेचा ऑप्शन रॉम (चालू होताना रेड ओळखणारा छोटा प्रोग्राम) काढून तिथे ट्रिम चालू असलेला ११ चा बसवतात. हे जमतं. माझ्या घरच्या झेड६८ वर कित्येक वर्षं चालू आहे.

लोक घाबरतात ते बोर्ड मरेल म्हणून. बोर्ड उठवता येतो हो. जातो तो रेडवरचा डेटा, आणि त्याची कुणालाच भीती वाटत नाही.

नाशिककडचा एक लग्नाचे फोटो काढणारा मुलगा. २५० जीबीचे दोन एसएसडी रेड ० मध्ये, विंडोज त्यावरच, त्या सीझनचे फोटोही त्यावरच. मॉड केलेला बायोस त्याने अगदी नीट फ्लॅश केला. बोर्ड उठला. पण फ्लॅश केल्यावर सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि साटा मोड (ड्राइव्हशी बोलायची पद्धत) रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे सुट्या ड्राइव्हच्या पद्धतीवर, येतो, हे गडी विसरला. विंडोज चालू होईना. आता इथे शांत डोक्याचा माणूस बायोसमध्ये जाऊन मोड परत रेडवर करतो आणि एका मिनिटात सगळं जागेवर येतं, कारण रेडची माहिती दोन्ही ड्राइव्हच्या अगदी शेवटच्या सेक्टरांजवळ लिहिलेली असते आणि मोड बदलल्याने तिला धक्काही लागत नाही. याने काय केलं? विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला. सेटअपमध्ये दोन सुटे ड्राइव्ह दिसले. पहिल्यावरचं पार्टिशन उडवलं, फॉरमॅट केलं, विंडोज टाकलं.

फॉरमॅट करताना विंडोज ट्रिम पाठवतं. एएचसीआयमध्ये तर तो बिनबोभाट पोचतो. ज्या ट्रिमसाठी एवढा उपद्व्याप केला, त्यानेच अर्धा रेड साफ केला. दुसरा ड्राइव्ह शाबूत होता, पण उपयोग शून्य. इंटेल एसएसडीच्या रेड ० ला आपणहून १६ केबीचा स्ट्राइप, म्हणजे तुकडा, सुचवतं. म्हणजे ८ एमबीच्या एका फोटोचे ५१२ तुकडे, आलटून पालटून दोन ड्राइव्हवर. एकाआड एक तुकडा गेल्यावर कुठलं सॉफ्टवेअर काय जोडणार? ट्रिम झालेल्या जागेतून रिकव्हरीही होत नाही. सात लग्नांचे फोटो होते. पुढचं सांगत नाही.

माझी सवय सांगतो, कुणी हसलं तरी चालेल. फ्लॅश करण्याआधी मी रेडच्या दोन्ही ड्राइव्हच्या साटा केबली काढून ठेवतो. मार्करने केबलींवर '०' आणि '१' लिहितो. फ्लॅश, मग बायोसमध्ये जाऊन साटा मोड रेड, सेव्ह, मशीन बंद, आणि मगच केबली. आणि रेड तुटलेला दिसतोय, विंडोज डिस्क इनिशियलाइझ करू का विचारतंय, तर हात खिशात घाला. 'हो' म्हणून जीपीटी निवडलंत की त्या पार्टिशन-तक्त्याची दुसरी प्रत ड्राइव्हच्या शेवटी लिहिली जाते, नेमकी रेडची माहिती असते तिथेच.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे चिपचा डंप, म्हणजे आतल्या डेटाची पूर्ण प्रत, न घेता फ्लॅश करणं. "कंपनीच्या साइटवर बायोस आहे की!" आहे, पण त्यात तुमच्या बोर्डाचा सिरियल नंबर नाही, लॅनचा मॅक ॲड्रेस नाही, आणि बऱ्याचदा एमई रीजनही (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग) जशाच्या तसा नसतो. चिप वाचणारा-लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतो, मी माझा लॅमिंग्टन रोडवरून आणला. मात्र त्याच्या काळ्या प्लेटवाल्या प्रकारात डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात आणि आपल्या चिपा ३.३ व्होल्टच्या, आधी मीटर लावून बघा. डंप दोनदा घ्यायचा आणि फाइली ताडून बघायच्या. एका बाइटचाही फरक आला तर चिपला लावायची क्लिप नीट बसलेली नाही. पहिल्याच वाचनावर विश्वास ठेवून पुढे जाणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. आसुसच्या त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर चिप सॉकेटात असते, तिथे तर क्लिपचीही कटकट नाही.

आता किरकोळ, पण रोजच्या.

'मॉड केलं पण फरक नाही' म्हणणाऱ्यांनी आधी बूट कशाने होतंय ते बघावं. झेड७७ पासून पुढच्या बोर्डांवर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद असेल तर ऑप्शन रॉम चालतच नाही, काम करतो तो ईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा, रेड मॉड्यूल. बदलायचा तर तोही बदला. सीएसएमवाल्यांनी चालू होताना कंट्रोल-आयच्या स्क्रीनवर आवृत्ती वाचावी.

ड्रायव्हर आणि रॉम एकाच पिढीचे ठेवा.

बायोसची फाइल उघडणाऱ्या यूईएफआयटूलची एनई आवृत्ती फक्त बघायला आहे, बदल करायला जुनी ०.२८ लागते. मॉड्यूल बदलल्यावर मूळ आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडा. पॅड फाइल (मधली जागा भरणारी फाइल) नवी उगवली किंवा गायब झाली असेल तर ती फाइल फ्लॅश करू नका. बहुतेक मेलेल्या बोर्डांचं कारण मला इथेच सापडतं.

दुसऱ्याने मॉड करून दिलेला बायोस घेऊ नका. यूपीएस लावा.

विंडोजच्या एफएसयुटिल कमांडने शून्य दाखवलं म्हणजे ट्रिम पोचला असं नाही. विंडोज पाठवतंय, एवढंच कळतं. ट्रिमचेक चालवा. तो फाइल लिहून पुसतो आणि थोड्या वेळाने तीच जागा वाचून बघतो.

६ मालिकेत इंटेलचे ६ गीगाबिटचे पोर्ट जास्तीत जास्त दोनच असतात. एसएसडी ३ वाल्यांत खुपसून बायोसला शिव्या घालणारे मी पाहिलेत. आणि रेड ५ ला या वाटेने ट्रिम मिळत नाही, कितीही रॉम बदला.

परवाच्या त्या कॅबिनेटचं म्हणाल तर चिप सॉकेटातच होती. मेलेल्या चिपचाही आधी डंप घेतला, त्यातला एमई आणि लॅनचा भाग शाबूत होता, बायोसचा भाग कंपनीच्या फाइलमधून बसवला. अर्ध्या तासात स्क्रीन आली. केबली मी आधीच काढून ठेवल्या होत्या. मालकाला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न : "मग ते रेडचं रॉम गेलं का आत?"