पावसाळ्यात नागपूरहून कोकण किनाऱ्यावर एकट्याने गाडी नेताना

नागपूरहून कोकणात गाडीने जायचे ठरले की घरातून, शेजारून पहिला प्रश्न येतो तो "किती किलोमीटर?" असा, आणि पावसाळ्यात नेमका हाच प्रश्न माणसाला चुकीच्या हिशेबात अडकवतो. वर्धा मार्गावर शंभर किलोमीटर सव्वा तासात संपतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर तेवढ्याच अंतराला पावसाळ्यात चार तास सहज लागतात. म्हणून या प्रवासाची आखणी उजेडाच्या तासांवर करावी, असे मी आग्रहाने सांगते. सकाळी सातला निघून संध्याकाळी साडेपाचला गाडी उभी करायची, एवढाच दिवस आपला. मधले जेवण, धुक्यात थांबणे आणि पाणी उतरण्याची वाट पाहणे यांसाठी साडेतीन तास बाजूला काढले की हातात सात तास उरतात. त्या सात तासांत जेवढे बसेल तेवढेच अंतर त्या दिवशी ठरवावे. एकट्याने जाताना हे बंधन अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण डावीकडचा खड्डा पाहायला, नकाशा वाचायला किंवा उतरून पाण्याचा अंदाज घ्यायला शेजारी कोणी नसते. यातले प्रत्येक काम गाडी थांबवूनच करावे लागते.

कधी निघावे

नागपुरात वर्षभरात साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. त्यातला मोठा वाटा जून आणि जुलैमध्ये कोसळतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जुलै टाळावा आणि ऑगस्टचा मध्य उलटल्यावर निघावे, असे माझे मत आहे. तेव्हा सरींच्या मध्ये उघडीप मिळते, धबधबे वाहते असतात आणि भातखाचरे हिरवीगार झालेली असतात. गणेशोत्सवाच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र सोडून द्यावेत, कारण मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्यांनी मुंबई-गोवा महामार्ग भरून गेलेला असतो आणि राहायला खोलीही मिळत नाही.

हवामानाचा इशारा पाहताना आपल्याकडच्या लोकांची एक चूक हमखास होते. आपण सवयीने नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहतो, पण महाराष्ट्रात ते केंद्र विदर्भापुरतेच पाहते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे इशारे मुंबईच्या केंद्राकडून येतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला हवामान विभाग 'जोरदार' म्हणतो, ११५.६ पासून पुढे 'अति जोरदार', आणि २०४.४ च्या पलीकडे 'अत्यंत जोरदार'. ज्या जिल्ह्यात जायचे तिथे लाल इशारा असेल तर त्या दिवशी मुक्काम हलवू नये. नारिंगी इशारा असेल तर घाट आणि खाडीकाठचा रस्ता सोडून जेवढे होईल तेवढेच करावे.

गाडीची तयारी

कोकणातल्या पावसाची तयारी नागपूरच्या उन्हापासून सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीचे वायपरचे रबर कडक होते, आणि ते जूनमध्ये काच पुसण्याऐवजी तिच्यावर पाण्याचे फराटे ओढते. काचेवर बादलीभर पाणी ओतून वायपर चालवून पाहावा. डोळ्यांच्या रेषेत एक जरी फराटा राहिला किंवा करकर आवाज आला, तर निघण्यापूर्वी दोन्ही ब्लेड बदलावेत. हा खर्च काहीशे रुपयांचा असतो आणि संपूर्ण प्रवासात याच्याइतका कामी येणारा दुसरा खर्च नाही.

टायरचेही तसेच. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ओल्या रस्त्यावर तेवढ्यावर विसंबू नये. तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर या प्रवासाला नवे टायर घालूनच जावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही पाच-सहा उन्हाळे खाल्लेल्या टायरला कडेने बारीक भेगा पडलेल्या असतात, त्या नखाने चाचपून पाहाव्यात. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलेला दाबच योग्य असतो.

विम्याच्या कागदांत इंजिन संरक्षणाची जोड आहे की नाही, हे निघण्याआधी वाचून घ्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या विम्यात बहुधा धरले जात नाही. सोबत ओढण्याचा दोर, विजेरी, हवा भरण्याचा छोटा पंप, दोन सुती दुपट्टे आणि काच फोडण्याची हातोडी असावी. ही हातोडी डिकीत ठेवू नये, बसल्या जागी हात पोचेल अशी ठेवावी. थोडी रोकडही जवळ असावी, कारण नेटवर्क नसलेल्या गावात फोनवरून पैसे देता येत नाहीत.

कोणत्या रस्त्याने

दोन रस्ते आहेत. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागले तर ७०१ किलोमीटरवर भिवंडीजवळ आमणे येते, आणि अलिबाग-मुरूडकडे जाणाऱ्यांना तो सोयीचा आहे. पण रत्नागिरी किंवा मालवण गाठायचे असेल, तर मी बुटीबोरी, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर हा नागपूर-रत्नागिरी महामार्ग निवडते. हा रस्ता हजार किलोमीटरच्या जवळपास जातो. त्याचे मोठे सुख असे की मुंबईची गर्दी टळते आणि किनाऱ्यापर्यंत एकच मोठा घाट लागतो, आंबा घाट, तोही सकाळी, ताज्या डोळ्यांनी. पहिला मुक्काम सोलापूरला, दुसरा कोल्हापूरला करावा आणि तिसऱ्या दिवशी केवळ सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाऊन रत्नागिरीला पोचावे. ज्यांना दोन दिवसांतच समुद्र पाहायचा असतो, ते आंबा घाटात संध्याकाळी, दमलेले असताना शिरतात, आणि ती वेळ सर्वांत वाईट असते.

सरळ सिमेंटच्या रस्त्यावर मोठी सर आली तर क्रूझ कंट्रोल लगेच बंद करावे आणि वेग ताशी सत्तरवर आणावा. चाकाखाली पाण्याचा थर येऊन स्टिअरिंग अचानक हलके लागले, तर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि चाक सरळ धरून ठेवावे. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची पद्धत पावसात सर्रास दिसते. ती टाळावी, कारण मागच्याला आपण थांबलो आहोत की वळणार आहोत, हे कळत नाही. खालच्या झोतावरचे हेडलाइट पुरेसे असतात.

घाटात

मलकापूर सोडले की आंबा गावापर्यंत रस्ता चढत जातो आणि तिथून साखरप्याकडे घाट उतरतो. माझ्या पहिल्या खेपेला आंब्याच्या पुढे दुसऱ्याच वळणावर काच पांढरी झाली. मी डाव्या हाताने दुपट्ट्याने आतून काच पुसत राहिले, पण काही फरक पडेना. समोरच्या एसटीचे दिवे दुधात बुडाल्यासारखे दिसत होते. शेवटी रुंद जागा पाहून थांबले आणि खिडकीतून हात काढून काचेला बाहेरून बोट लावले, तेव्हा बोटाची रेघ स्वच्छ उमटली. वाफ बाहेरच्या बाजूला जमली होती. आपल्याकडे पावसात काच आतून धूसर होते. त्यावर एसी लावून बाहेरची हवा आत घेणे हा उपाय आहे. कोकणातल्या दमट हवेत मात्र एसी फार गार केला की थंड काचेवर बाहेरून दव धरते, आणि तेव्हा एसीचे तापमान वाढवून वायपर फिरवला की दहा-पंधरा सेकंदांत काच मोकळी होते. आधी बोट लावून पाहावे आणि मगच उपाय करावा.

घाट उतरताना जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी. धबधब्यापाशी फोटोसाठी कड्याच्या बाजूला गाडी उभी करू नये: रस्त्यावर ताजी लाल माती, सुटे दगड किंवा नेहमीपेक्षा गढूळ पाणी दिसले, तर वर दरड सुटत असण्याची ती खूण असते. अशा वेळी मागे फिरायला लाज वाटू नये. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट तर पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवला जातो. अशा घाटांची स्थिती आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावी.

खाडी आणि भरती

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ज्याची मुळीच सवय नसते, ती गोष्ट म्हणजे भरती. आपल्याकडे नाल्याला पूर आला की पाऊस थांबल्यावर तो ओसरतो. कोकणात डोंगरावरून आलेले पाणी खाडीतून समुद्रात जाते, आणि भरतीच्या वेळी समुद्रच खाडीत शिरत असल्यामुळे ते तुंबून राहते. म्हणून पाऊस तेवढाच असूनही सकाळी कोरडा असलेला खाडीकाठचा रस्ता दुपारी पाण्याखाली जाऊ शकतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हाही मुसळधार पावसाच्या जोडीला भरती होती.

पावस गावाच्या पुढे राजापूरच्या बाजूला एका खाडीकाठी मी अशीच अडकले होते. रस्त्याचा चाळीसेक पावले लांबीचा तुकडा पाण्याखाली होता, आणि पाणी इतके संथ दिसत होते की सहज निघून जाता येईल असे वाटत होते. कडेच्या टपरीतले आजोबा गाडीचा एमएच-३१ हा क्रमांक पाहून जवळ आले आणि म्हणाले, "ताई, घाई करू नका. भरती आहे. दोन तासांनी ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरेल. तोवर चहा घ्या." त्यांनी बांबूच्या काठीला पाण्याच्या कडेशी एक दोरा बांधला आणि काठी तिथेच रोवली. अर्ध्या तासाने दोरा पाण्याखाली गेला, पाऊण तासाने पाणी तिथेच थबकले आणि मग हळूहळू दोरा उघडा पडला. साडेतीनच्या सुमारास मी कोरड्या रस्त्यावरून गेले. डांबराचा एक कोपरा खालून धुपून तुटला होता. पाण्यात तो मुळीच दिसला नसता.

भरतीचा अंदाज बांधण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत शिकून घ्यावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या आसपास. पुढची ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आगेमागे ती लहान असते, तिला भांग म्हणतात. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, त्यामुळे हा केवळ अंदाज धरावा आणि नेमकी वेळ त्या बंदराच्या तक्त्यातून घ्यावी. आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याचा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा हा पुढचा टप्पा मी भांगाच्या दिवसांत बसवते.

वाहते पाणी रस्ता ओलांडत असेल तर त्यात गाडी घालू नये, मग पुढची एसटी गेली असली तरीही. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगू लागते आणि दोन फूट पाणी जवळपास कोणतीही गाडी ओढून नेते. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा किल्ली फिरवू नये. रात्री तर पाणी आणि डांबर यांतला फरकच दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि अंधारात येणारी वाहने नदीत पडली. संध्याकाळी साडेपाचचा नियम मी त्यामुळेच मोडत नाही.

मुक्काम आणि निरोप

गाडी नारळाखाली लावू नये, हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिऱ्यांच्या सुट्या गडग्यालगत, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडी कुंपणालगत, लावू नये, कारण रात्रभर भिजलेला गडगा पहाटे कोसळतो. वाळूत तर गाडी उतरवूच नये. पावसाळ्यात समुद्रात पोहायला उतरू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही या दिवसांत बंद असतात.

घरच्या एका माणसाला रोज तीन निरोप द्यावेत: निघताना मार्गासह, दुपारी थांबल्यावर, आणि पोचल्यावर. सात वाजेपर्यंत तिसरा निरोप आला नाही तर त्यांनी आधी मुक्कामाच्या ठिकाणी आणि मग ११२ वर फोन करावा, असे आधीच ठरवून घ्यावे. १०८ रुग्णवाहिकेसाठी आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी आहे. हे क्रमांक आणि मुक्कामांचे फोन कागदावर लिहून सोबत ठेवावेत, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण घाटात नेटवर्क जाते.

परत नागपूरला आल्यावर गाडी त्याच आठवड्यात धुवायला द्यावी आणि खालून, चाकांच्या कमानींच्या आतून पाणी मारायला सांगावे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघण्याची बारीक भोके असतात, ती तांबड्या मातीने बुजलेली असतात; काडीने मोकळी करावीत. पायाखालच्या जाजमांबरोबर त्यांच्या खालचा गालिचाही उचलून वाळवावा, कारण वरून कोरडा वाटला तरी खालून तो ओला असतो आणि पंधरा दिवसांत कुबट वास धरतो. नागपूरच्या सप्टेंबरमधल्या उन्हात, चारही दारे उघडून, एक दुपार पुरते.