हिशेब क्लाउडवर नेण्याआधी: डेटा परत कसा मिळणार, ते आधी लिहून घ्या

शेतकरी उत्पादक कंपनी असो की जिनिंग कारखाना, हिशेब क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, न्यायचे असतील तर सोयाबीन-कापसाची आवक सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरातच कराराची कामं उरका. काट्यावर गाड्या लागल्या की करार वाचायला कोणाला फुरसत नसते आणि सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या मसुद्यावर तशीच सही होते. संचालक मंडळाचा ठराव, पासवर्ड, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार, हे तुम्ही पाहालच.

करार हातात आला की दरपत्रकाआधी एक कलम शोधा: सेवा बंद झाल्यावर डेटा परत कसा मिळणार? ते नसेल तर सही करू नका. ‘मागणीनुसार डेटा देऊ’ एवढ्यानं भागत नाही. कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत, हे तिन्ही हवं. पीडीएफ अहवाल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढत नाहीत. सीएसव्ही (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) मागा, पण काटा पावती, सभासद आणि बिल जोडणारे क्रमांक प्रत्येक फाइलमध्ये हवेत; नाहीतर एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन याद्या हाती पडतात. सातबारा, पासबुकाच्या स्कॅन प्रती अशा फाइलमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या नमूद करा. मराठी नावं युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) हवीत, जुन्या फॉन्टातली दुसऱ्या संगणकावर वाचताच येत नाहीत. आणि बिलाचा वाद झाला तरी निदान 90 दिवस डेटा पाहता आणि उतरवून घेता येईल, हे लिहून घ्या. पैसे अडले की आधी लॉगिन बंद होतं, बोलणी नंतर.

याचं कारण कायद्यात आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशेबाच्या वह्या 8 आर्थिक वर्षं जपाव्या लागतात, आणि शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने. ही जबाबदारी तुमची, विक्रेत्याची नव्हे. भागीदारीतल्या जिनिंगला कंपनीचे नियम लागू नाहीत, जीएसटीचे आहेत.

कंपनी असाल तर वह्यांची रोजची बॅकअप प्रत प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर हवी. ‘सगळं इथंच आहे साहेब’ हे तोंडी चालत नाही. सेवा पुरवठादाराचं नाव, ठिकाण, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) लेखी घ्या. वार्षिक हिशेब भरताना ते कंपनी निबंधकाला कळवावं लागतं. 1 एप्रिल 2023 पासून हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. डेटा परत घेताना ही बदलांची नोंदही मागा! नुसत्या शिल्लका आल्या तर लेखापरीक्षक शेरा मारेल.

सभासदांचे आधार, खाते क्रमांक, मोबाइल हा वैयक्तिक डेटा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात विक्रेत्याकडून तो फुटला तरी जबाबदार तुम्हीच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. संमतीचा कागद मराठीतही द्यावा. आधारची झाकलेली प्रत पुरत असेल तिथं पूर्ण क्रमांक भरूच नका.

बाकी थोडक्यात. सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवायची, म्हणून विक्रेत्यानं तुम्हाला ताबडतोब कळवण्याचं कलम करारात घाला. लॉग, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपायचे. व्यापाऱ्याशी वाद कोर्टात गेला तर काटा पावतीच्या नोंदीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी विक्रेत्यानं सहकार्य करण्याचं कलमही घाला. करारात वादासाठी न्यायालय बेंगळुरू छापलेलं असेल तर तुमचा जिल्हा किंवा, विदर्भात असाल तर, नागपूर मागा. विक्रेत्यानं द्यायच्या भरपाईची मर्यादा किती, तेही पाहा.

सहीआधी 20 सभासदांचा नमुना भरा, बाहेर काढा, दुसऱ्या संगणकावर उघडा. उघडलं नाही तर पुढं जाऊ नका. सेवा सोडताना विक्रेत्याकडून डेटा पुसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, पण उतरवलेला डेटा सीएंकडून तपासून झाल्यावरच.