परदेशी ग्राहकाला माल विकताना आयात शुल्क आणि करांची व्यवस्था कशी लावावी

ग्राहकाने वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च आधीच भरलेला असताना कुरिअरने दारात आणखी पैसे मागितले, तर तो अनेकदा पार्सल नाकारतो आणि परतीचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी बसतो. म्हणून परदेशातील मागणी स्वीकारण्यापूर्वीच आयातीचे कर कोण आणि केव्हा भरणार, हे ठरवावे.

यासाठी व्यापारात दोन अटी रूढ आहेत. ‘डीएपी’ या अटीनुसार माल ठरलेल्या पत्त्यावर पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते, पण आयातीचे शुल्क व कर ग्राहक भरतो. ‘डीडीपी’मध्ये तेही विक्रेताच भरतो आणि अर्थातच आपल्या दरात धरतो. माझ्या मते किरकोळ ग्राहकासाठी डीडीपीच बरी, कारण त्याला पैसे भरतानाच अंतिम रक्कम दिसते. डीएपी निवडायचीच असेल, तर ‘आयात शुल्क व कर वेगळे भरावे लागतील’ हे वाक्य नियमावलीच्या तळाशी न दडवता पैसे भरण्याच्या पानावर ठळकपणे द्यावे.

रकमेचा अंदाज बांधताना बहुतेकांची चूक होते ती कर कशावर लागतो याबाबत. अनेक देशांत, युरोपीय संघातही, सीमाशुल्क मालाची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते. अमेरिकेत मात्र आंतरराष्ट्रीय वाहतूक आणि विमा साधारणपणे त्यातून वगळतात. समजा, वस्तू २०० युरोंची, वाहतूक ३० युरोंची, सीमाशुल्काचा दर १० टक्के आणि मूल्यवर्धित कराचा २० टक्के आहे. शुल्क २३० युरोंवर लागून २३ युरो होईल, आणि कर २०० वर नव्हे तर शुल्कासह झालेल्या २५३ युरोंवर लागून ५०.६० युरो होईल. म्हणजे एकूण ७३.६० युरो झाले, आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क त्याहून वेगळे.

कमी किमतीच्या मालाचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची करमाफी रद्द केली आणि १५० युरोंपर्यंतच्या पार्सलांसाठी ‘आयओएसएस’ ही नोंदणीव्यवस्था आणली. तिच्यात विक्रेता विक्रीच्या वेळीच मूल्यवर्धित कर घेतो आणि नोंदणी क्रमांक वाहतूकदाराला इलेक्ट्रॉनिक माहितीतून कळवतो. तो कळवायचा राहिला, तर ग्राहकाकडून तोच कर दुसऱ्यांदा वसूल होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर अशीच विक्रीच्या वेळची आकारणी आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही जीएसटी लागतो, मात्र विक्रेत्याची तेथील वार्षिक उलाढाल ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाल्यावरच त्याला नोंदणी सक्तीची होते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली, त्यामुळे त्याआधीचे हिशेब तेथे लागू पडत नाहीत. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विकल्यास यांपैकी पुष्कळ ठिकाणी कर गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारपेठेवर असते. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला ही व्यवस्था स्वतःच पाहावी लागते.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे एचएस कोड, म्हणजेच मालाचा प्रकार दाखवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत समान असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो, आणि शुल्काचा दर त्यावरून निघतो. मालाचे वर्णन ‘कपडे’ असे मोघम न लिहिता ‘स्त्रियांचा विणलेला सुती सदरा’ असे लिहावे. मूळ देश म्हणजे वस्तू जेथे तयार झाली तो देश. ती जेथून पाठवली तो नव्हे. ‘किंमत कमी दाखवा’ किंवा ‘भेट म्हणून पाठवा’ अशी विनंती काही ग्राहक अगदी सहजपणे करतात, पण ती खोटी घोषणा ठरते आणि तीवर सही विक्रेत्याची असते. शिवाय पार्सल हरवले, तर विम्याची भरपाईही सहसा त्या दाखवलेल्या किमतीपुरतीच मिळते.

परत आलेल्या मालाचा विचार आधीच करून ठेवावा. ग्राहकाने भरलेले शुल्क आपोआप परत मिळत नाही; त्यासाठी मुदतीत अर्ज आणि माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा लागतो. परतीच्या बीजकावर ‘परत आलेला माल’ असा स्पष्ट उल्लेख आणि मूळ पाठवणीचा क्रमांक नसेल, तर आपलाच माल आपल्या देशात येताना नव्याने आयात समजला जाऊन त्यावर पुन्हा शुल्क लागू शकते.