पीयूष ग्रंथीच्या गाठी आणि नॉनकोडिंग आरएनए: शोधनिबंध कसा पारखावा

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष (पिट्युटरी) ग्रंथीच्या गाठी आणि नॉनकोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणारे, आरएनए यांवरचा शोधनिबंध हाती आला, की कोणता आरएनए वाढला आणि कोणता घटला हा तक्ता आधी पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि लेखकांनी शिरकाव (गाठीचे शेजारच्या भागात घुसणे) कशाला म्हटले आहे, ते प्रथम शोधावे. मराठीत आपण शेजारच्या भागात शिरणाऱ्या आणि उपचारांना न जुमानता वाढणाऱ्या, अशा दोन्ही गाठींना सरसकट ‘आक्रमक’ म्हणतो. प्रत्यक्षात कॅव्हर्नस सायनसमध्ये (ग्रंथीच्या बाजूच्या शिरांच्या पोकळीत) शिरलेली गाठ पुढे संथही राहू शकते. शिरकाव ठरवण्यासाठी बहुधा १९९३ साली मांडलेली क्नॉस्प श्रेणी वापरतात. एमआरआयवर गाठ त्या पोकळीतून जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या किती बाहेर गेली आहे, यावरून ती ० ते ४ अशी ठरते. श्रेणी ३ मधील प्रत्येक गाठ शस्त्रक्रियेत खरोखर आत शिरलेली आढळतेच असे नाही. म्हणून निष्कर्ष केवळ एमआरआयवर आधारलेला आहे की शल्यचिकित्सकाच्या निरीक्षणाचीही त्याला जोड आहे, हे पाहावे.

यानंतर तुलना कोणाची कोणाशी केली आहे ते तपासावे. माझ्या मते बहुतेक निबंधांचे बळ किंवा दुबळेपण इथेच ठरते. पीयूष ग्रंथीतील पेशींचे वंश (त्या ज्या मूळ शाखांतून घडतात त्या) पीआयटी१, टीपीआयटी आणि एसएफ१ या प्रथिनांवरून ओळखले जातात आणि प्रत्येक वंशाचा आरएनएचा साचा मुळातच निराळा असतो. शिरकाव असलेल्या गटात एका वंशाच्या गाठी आणि नसलेल्या गटात दुसऱ्या वंशाच्या गाठी अधिक असतील, तर दिसणारा फरक वंशाचा आहे की शिरकावाचा, हे सांगता येत नाही. गाठीच्या आकाराबाबतही तीच अडचण येते, कारण शिरणाऱ्या गाठी सहसा मोठ्याही असतात. ‘निरोगी’ नमुना शवविच्छेदनातून घेतला असेल, तर मृत्यूनंतर आरएनए कितपत टिकला होता, याची नोंद मागावी.

मग रेणूंकडे वळावे. मायक्रोआरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतील दुव्यांचे), तर दीर्घ नॉनकोडिंग आरएनए २०० हून अधिक लांबीचे असतात. गाठ निर्माण होण्याशी जोडलेला आरएनए शिरकावाशीही जोडलेला असेल, असे गृहीत धरू नये. गुणसूत्र १३ वरील मायक्रोआरएनए-१५ए आणि १६-१ यांची घट २००५ मध्येच दाखवली गेली, पण ती गाठीच्या आकाराशी निगडित होती. गुणसूत्र १४ वरील एमईजी३ हा दीर्घ आरएनए संप्रेरक न स्रवणाऱ्या गाठींत जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या प्रवर्तकावरील (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागावरील) मिथिलीकरण, म्हणजे जनुक बंद ठेवणारी रासायनिक खूण, हे त्याचे एक कारण आहे. हा पुरावा भक्कम असला, तरी तो प्रामुख्याने गाठीच्या वाढीविषयीचा आहे.

आरएनए नेमके काय करतो, याविषयीचे दावे बहुधा मोठ्या उंदराच्या (रॅट) जीएच३ किंवा लहान उंदराच्या (माउस) एटीटी-२० या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासलेले असतात. दीर्घ आरएनएचा क्रम प्रजातीगणिक बराच बदलत असल्याने त्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे. एखादा आरएनए मायक्रोआरएनएला ‘स्पंजा’सारखा शोषून घेतो, म्हणजे स्वतःला चिकटवून निष्क्रिय करतो, असे म्हटले असेल, तर पेशीतील दोहोंच्या प्रतींची संख्या मोजली आहे का ते पाहावे, बहुधा ती मोजलेली नसते.

रक्तातून निदान सुचवणारा निबंध असेल, तर रक्तनमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या होत्या का, ते आधी विचारावे. त्या पेशींत मायक्रोआरएनए-१६ आणि ४५१ विपुल असतात, त्यामुळे नळीतल्या निष्काळजीपणाचा आकडाही गाठीच्या नावावर जमा होऊ शकतो.