खाकीतून कंपनीच्या सुरक्षाप्रमुखपदाकडे

ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, तळोज्याचे केमिकल कारखाने, भिवंडीची गोदामं. ठाणे-नवी मुंबईतल्या पोलीस अधिकाऱ्याला दुसऱ्या नोकरीसाठी लांब जावं लागत नाही. अडचण नंतर येते. पोलिसाचं काम बहुतेकदा गुन्हा घडल्यावर सुरू होतं. कंपनी पगार देते तो नुकसान होऊच नये म्हणून, आणि तेही वर्दीचे अधिकार नसताना.

तयारीला दोन वर्षं धरा. ५८ वर्षांची वाट न पाहता स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि ३ महिन्यांची नोटीस लागते. त्या काळात एक्सेल शिका (खरंच शिका, रायटरवर, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकावर, सोडू नका) आणि एसिस इंटरनॅशनल या सुरक्षा व्यावसायिकांच्या संघटनेच्या 'सीपीपी' या प्रमाणपत्र परीक्षेची अनुभवाची अट बघून घ्या. जबाबदारीच्या पदावरचा काळ त्यात मोजतात, म्हणून प्रभारी असतानाच्या तारखांचे कागद जवळ हवेत.

बायोडेटात '३०० बक्षिसं' लिहिलीत तर एचआरला काहीच कळत नाही. विसर्जन बंदोबस्तच लिहा, पण आकड्यांत: किती घाट, किती माणसं, किती पाळ्या, महापालिका आणि अग्निशमन दलाशी समन्वय कोणी ठेवला.

रुजू झाल्यावर पहिली परीक्षा मनुष्यबळाच्या हिशेबाची. चोवीस तासांच्या एका पोस्टला (पहाऱ्याच्या जागेला) आठवड्यात २१ पाळ्या. एक गार्ड ६ करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा धरल्या की चार. दहा पोस्टना ४० जण. पोलीस ठाण्यात ड्युटी वाढवली की भागतं, कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने लागतो. गार्ड सुरक्षा रक्षक मंडळाचे घ्या किंवा खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखाली परवाना असलेल्या एजन्सीचे, पण बिल पास करण्याआधी पीएफ आणि ईएसआयसीची चलनं नावानिशी तपासा. एजन्सीने बुडवलं तर वसुली कंपनीकडे येते.

दुसरी परीक्षा भंगाराच्या गाडीची. रिकामी गाडी वजनकाट्यावर चढते तेव्हा पिंपात पाणी, केबिनमध्ये चालक आणि क्लीनर, मागे जादा टायर. भरून येते तेव्हा यातलं काहीच नसतं. तेवढ्या वजनाचं भंगार फुकट गेलं. दोन्ही वेळा माणसं खाली उतरवा, केबिन आणि पिंप उघडून बघा, रिकामं वजन आरसी बुकातल्या आकड्याशी ताडा.

चोर सापडला की जुनी सवय उसळते. त्याला खोलीत बसवून 'विचारपूस' केलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ (बेकायदा डांबून ठेवणं) तुमच्यावरच लागू शकतं. समोर घडलेल्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात खासगी व्यक्तीला पकडता येतं, पण ६ तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. तोवर सीसीटीव्हीचं फुटेज काढून ठेवा. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, जुनं पुसत जातं. फुटेज कोर्टात पुरावा म्हणून चालावं यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कोण देणार, हेही आधीच ठरवा.

'पोलीस ठाण्यात ओळखी किती?' एवढंच मुलाखतीत विचारत असतील, तर त्यांना सुरक्षाप्रमुख नकोय, परवानग्या आणणारा माणूस हवाय. तिथून वर चढायला जिना नसतो. 'सल्लागार' या पाटीपेक्षा एका साइटची पूर्ण जबाबदारी बरी. आणि उठण्याआधी एक विचाराच: सुरक्षेचं बजेट कोणाच्या सहीने पास होतं?