पहिल्यांदाच प्लॉट किंवा फ्लॅटमध्ये पैसे घालताय? टोकन द्यायच्या आधी या चुका टाळा

माझ्या मावसभावाने 2019 ला पुण्याजवळ दोन गुंठे घेतले. साइट बघायला नेलं, गेट होतं, मुरमाचे रस्ते होते, नारळाची रोपं लावलेली, आणि "आजच बुक करा, सोमवारी रेट वाढणार" असं ऐकून त्याने तिथल्या तिथे 51 हजार टोकन दिलं. सातबारा बघितला तो खरेदी झाल्यावर. एकाच गटात बावीस नावं, क्षेत्र सामाईक, म्हणजे याचे दोन गुंठे नेमके कुठले हे कागदावर कुठेच नाही. बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी नाही, विकायला काढला तर गिऱ्हाईक सातबारा बघूनच परत जातं.

नवीन माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शेतजमिनीचे छोटे तुकडे करून विकायला अनेक ठिकाणी तुकडेबंदी कायदा आडवा येतो म्हणून दहा-अकरा जणांची नावं एकाच खरेदीखतात घालतात आणि त्यालाच "एनए (बिगरशेती) होणारच आहे" म्हणून प्लॉट सांगून विकतात. होणार आहे ते सोडा, आज एनए झालंय का ते विचारा, मंजूर लेआउट (प्लॉट-रस्त्यांचा नकाशा) मागा आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचा, नोंदणी नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, कारण 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगलाही नोंदणी लागते. सातबाऱ्यावर फक्त मालकाचं नाव वाचून थांबू नका, खाली इतर हक्कात कुळ, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा असलं काय काय सापडतं. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आणि शेतजमीनच घेणार असाल तर आपण शेतकरी आहोत याचा पुरावा लागतो, हे कित्येकांना टोकन दिल्यावर कळतं. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या, पण वकील आपला, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

नोटरी केलेल्या साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या करारावर, सगळे पैसे देऊन मोकळं होणारे पण खूप आहेत. त्याने मालकी येत नाही, रजिस्टर खरेदीखत झालं पाहिजे.

फ्लॅटमध्ये लोक चुकतात ते हिशोबात. समजा पुण्यात 60 लाखाचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट. स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख, झाले वरचे साडेसात लाख. बँक 80 टक्के देते ते किमतीवर, या खर्चावर नाही, म्हणजे खिशातले साडेएकोणीस लाख तयार हवेत. घर बाईच्या नावावर असेल तर ड्युटीत 1 टक्का वाचतो, तो जरूर वाचवा. आता 48 लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो साडेएकेचाळीस हजाराच्या वर, आणि भाडं धरा 16 हजार, त्यातूनही मेंटेनन्स आणि टॅक्स जाणार. "भाड्यातून हप्ता निघतो" असं कोणी सांगितलं तर त्याला हे गणित समोर बसून करायला लावा. दर महिन्याला पंचवीस-सत्तावीस हजार आपल्या पगारातून जाणार हे झेपत असेल तरच पुढे जा.

बिल्डरने करार रजिस्टर करायच्या आधीच 20-25 टक्के मागितले तर देऊ नका, रेरा कायद्यात 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. पझेशनची (ताबा मिळण्याची) तारीख टळली तर त्याच कायद्याच्या कलम 18 खाली व्याजासकट पैसे परत मागता येतात, पण त्यासाठी तारीख करारात लिहिलेली हवी.

आणि आधीच सामाईक सातबाऱ्यात अडकला असाल तर बाकीचे हप्ते लगेच थांबवा म्हणणार नाही, आधी करारातल्या अटी वकिलाला दाखवा. मग गटातल्या बाकी लोकांना गाठा. एकट्याच्या अर्जाने काही हलत नाही, सगळ्यांनी मिळून भूमी अभिलेखकडे मोजणी टाकली तर निदान कोण कुठे ते ठरतं. 31 डिसेंबर 2020 च्या आधीची गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) असेल तर नियमित करता येते का ते पालिकेत किंवा पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) जाऊन विचारा. भावाने त्या बावीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, सतरा जण सह्यांना तयार आहेत, उरलेल्या पाच जणांकडे आम्ही दर रविवारी जातोय.